आतला गर

बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातल्या कडोलीत एक म्हातारा शेतकरी राहत होता. घरात मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात होती. शेतात पावसाळ्यात बटाटा व्हायचा, बांधाकडेच्या रानात रताळी व्हायची. घरामागच्या परड्यात, उकिरड्याच्या कडेला, म्हातारा दरसाल तांबड्या भोपळ्याचा एक वेल लावायचा.

त्याचे भोपळे होळीपर्यंत टिकत. शेजाऱ्यांचे दोन महिन्यांत मऊ पडत, याचे मात्र टणक राहत. कुणी विचारलं की तो सगळं सांगे. भोपळा देठासकट तोडावा, पण देठाला धरून उचलू नये. आठ-दहा दिवस उन्हं खाऊ द्यावीत. त्याला पाणी लावू नये. मग माळ्यावर भाताच्या पिंजरावर मांडावा आणि एकाला दुसरा टेकू देऊ नये. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हातारा काही लपवतही नव्हता.

तरुणपणी तो काही वर्षं मिरजेला होता. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे खरवडायचं काम त्यानं केलं होतं. एके काळी हत्यारांना धार लावणारी शिकलगारांची घराणी तिथं दीडशे वर्षांहून अधिक काळ तंतुवाद्यं घडवत आली होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येत. ते वेलावरच पिकलेले, वाळलेले असत. हलवले की आतल्या बिया खुळखुळत. मग भोपळा कापायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतलं सगळं खरवडून काढायचं आणि पुन्हा वाळवायचा. पुढचं काम कसबी कारागिरांचं होतं. म्हाताऱ्याकडे फक्त खरवडण्याचं काम होतं. ते करता करता त्याचा कान तयार झाला. भोपळ्याला टिचकी मारली की आत कुठं गर राहिलाय, हे त्याला ऐकू येई.

गावी परत येताना त्यानं तिथला एक लहान भोपळा आणला होता. कडेला चीर गेल्यामुळे तो वाद्याच्या कामाचा राहिला नव्हता. सोप्यात खुंटीला तो अजून टांगलेला होता. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा म्हाताऱ्यानं वर्तमानपत्रातली ती बातमी कापून त्याच भोपळ्यात ठेवून दिली.

म्हाताऱ्याला मुलाहून मोठी एक मुलगी होती. ती लग्न करून अमेरिकेत, न्यू जर्सीला गेली होती. पाच वर्षांपूर्वी तिची आई वारली. मुलगी पोचली तेव्हा दहावा दिवस उजाडला होता. आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती, हे तिला आल्यावर शेजारणींकडून कळलं. भावानं फोनवर एकदाही सांगितलं नव्हतं. तिनं त्याला काही विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही. दिवस झाले आणि ती परत गेली.

तेव्हापासून बहीण-भाऊ दर रविवारी फोनवर बोलत. पाऊस कसा झाला, बटाट्याला दर काय मिळाला, पोरांच्या परीक्षा कधी, सगळं बोलत. राखी वेळेवर येई, भावाकडून साडी जाई. गावात लोक म्हणत, बहीण-भावाचं प्रेम बघावं तर या घरात. म्हातारा ऐकून घेई आणि गप्प बसे.

त्या वर्षी मुलगी दिवाळीला आली. बरोबर तिचा अकरा वर्षांचा मुलगा होता. घर माणसांनी भरलं. नात आतेभावाला घेऊन गावभर फिरली. अंगणात दोघांनी किल्ला करायला घेतला. दगड रचले, लाल माती लिंपली, वर अळीव पेरलं. पण मुलगा मधेच गप्प गप्प होई.

"काय झालं रे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मुलगा म्हणाला, "आजोबा, 31 ऑक्टोबरला तिकडे हॅलोविन असतो. आम्ही भोपळा कोरतो, त्याला चेहरा करतो, आत दिवा लावतो. या वर्षी माझा राहिला."

"आणि तो कशाला करायचा?"

मुलानं शाळेत ऐकलेलं सांगितलं. आयर्लंडमधली माणसं पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायची, वाईट शक्तींनी दूर राहावं म्हणून. पुढं ती माणसं अमेरिकेत गेली. तिथं त्यांना भोपळा मिळाला. तो सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. मग भोपळ्याचीच रीत पडली.

म्हातारा म्हणाला, "म्हणजे आपण दारावर कोहळा बांधतो तसंच की. दृष्ट लागू नये म्हणून." तो उठला, माळ्यावर चढला आणि दोन भोपळे खाली घेऊन आला. "एक तुला, एक हिला. 31 तारखेलाच आपली नरकचतुर्दशी हाय. दोन्ही सण एकाच दिवशी होऊ देत."

नातीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामंजी, आख्खा भोपळा पोरीनं कापायचा नसतो." काही घरांत तशी समजूत होती. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईमाणसानं त्याला पहिली सुरी लावू नये, असं बायका म्हणत. म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं, सुरी घेऊन नातीच्या भोपळ्याला देठाजवळ बोटभर चीर पाडली आणि सुरी नातीच्या हातात दिली.

"घे. पुढचा सगळा तुझा."

मुलाचा हात सरावलेला होता. त्यानं देठाभोवती गोल झाकण कापलं, आतला गर मुठीनं उपसला, दोन-चार मुठी काढल्या आणि चेहऱ्याकडे वळला. कागदावर आधी चित्र काढलं, तो कागद भोपळ्यावर डकवून सुईनं रेघांवर भोकं पाडली आणि बारीक सुरीनं कोरत गेला. वाकड्या भुवया, तिरके डोळे, वर-खाली सोळा दात. संध्याकाळपर्यंत अंगणात गल्लीतली पोरं गोळा झाली. कापलेल्या कडा सुकू नयेत म्हणून मुलानं आईकडून व्हॅसलिनची डबी आणली आणि दातांना, डोळ्यांना, ओठांना हलक्या हातानं व्हॅसलिन लावलं. दिव्याच्या उजेडात तो चेहरा असा चमकला की पोरं ओरडलीच.

नातीचा भोपळा तेव्हा नुसता पोकळ होत होता. म्हाताऱ्यानं तिला करवंटीचा एक तुकडा कडेला घासून दिला होता. ती भोपळा मांडीत घेऊन बसली होती. पहिल्यांदा बिया निघाल्या. मग पिवळे तंतू निघाले. ओले, चिवट, एकमेकांत गुंतलेले. बोटांनी ओढले की निम्मे हातात यायचे, निम्मे भिंतीला चिकटून राहायचे. म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. करवंटी आत चप्प चप्प वाजत होती.

"झालं काय, आज्जा?"

"अजून ओलं बोलतंय."

ती पुन्हा खरवडू लागली. बुडाशी गेली, कडेनं फिरली, झाकणाच्या आतल्या अंगाला, देठाखालच्या खळग्यात गेली. तिच्या बोटांची टोकं पिवळी झाली. बाहेर आतेभावाभोवती पोरं टाळ्या वाजवत होती. तिलाही तिथं जायचं होतं. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते.

हळूहळू आवाज पालटला. चप्प चप्प जाऊन खर्र खर्र सुरू झालं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, भोपळा हातात घेतला, बाहेरून चार ठिकाणी टिचक्या मारल्या. एका ठिकाणी थांबला.

"इथं थोडं हाय."

तिनं तिथं खरवडलं. मग त्यानं चुन्याची निवळी आणली, फडक्यानं भोपळा आतून पुसून घेतला आणि पोत्यावर पालथा घालून रात्रभर वाऱ्याला ठेवला. दुसऱ्या दिवशी नातीनं दोन गोल डोळे आणि एक हसरं तोंड कापलं. त्या चेहऱ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांनी अभ्यंगस्नान केलं. मुलानं तुळशीपुढं अंगठ्यानं कारीट फोडलं, त्याचा कडू रस जिभेला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. घरात हशा पिकला. रात्री किल्ल्याच्या दोन्ही अंगांना दोन भोपळे ठेवले. म्हाताऱ्यानं दोघांनाही बजावलं, पणती तासभरच ठेवायची, जास्त वेळ ठेवली की भोपळा आतून शिजतो. दोघांनी ते पाळलं. येणारेजाणारे थांबून मुलाचा भोपळा पाहत. कुणी मोबाइलवर फोटो काढले. नातीच्या भोपळ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मुलगा अंगणात आला आणि तिथंच थांबला. त्याच्या भोपळ्याची वरची दातांची रांग आत कोसळली होती. डोळ्यांच्या कडांना पांढरी-काळी बुरशी धरली होती. चिलटं घोंगावत होती. एक गाल खाली बसून त्यातून पाणी झिरपत होतं. दुसऱ्या अंगाला नातीचा भोपळा होता तसा होता, कडा थोड्या सुरकुतल्या होत्या एवढंच.

मुलाला रडू आलं. "मी तर व्हॅसलिनसुद्धा लावलं होतं!"

म्हातारा येऊन उकिडवा बसला. त्यानं झाकण उचललं आणि हात आत घातला. दातांच्या मागून, भिंतीला धरून राहिलेला गराचा एक पुंजका त्यानं बाहेर काढला. तो काळा पडला होता. त्यात बिया तशाच होत्या.

"बाळा, तुझं कोरणं झ्याक हाय. असा चेहरा मला आयुष्यात जमला नसता. पण तू तोंडाला तेल लावलंस, आणि कुजलं ते आतलं. आत ओलं राहिलं की वरून काय लावलं तरी चालत नाही."

मुलाची आई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ते ऐकलं. ताटातली सुपारी, तांदूळ, निरांजन तिनं उगाचच नीट केलं आणि आत गेली.

दुपारी तिनं भावाला ओवाळलं. भावानं ताटात ओवाळणी घातली. दोघं हसले. जेवणं झाली. संध्याकाळी पोरं बाहेर गेली आणि सोप्यात माणसं थोडी उरली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "आई आजारी होती तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

भाऊ सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

"आता कशाला ते, आक्का?"

"पाच वर्षं मी हेच म्हणत आले, आता कशाला ते. आज सांग."

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईनं शपथ घातली होती. म्हणाली, ती लेकराला टाकून धावत येईल, तिची नोकरी जाईल. चार दिवसांत मी उठून बसते, तिला कळवायचं नाही. मी रोज म्हणायचो, उद्या फोन करतो. ती रोज म्हणायची, उद्या बघू."

"मग नंतर तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर गेलेल्या आईवर ढकलल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा तुझा राग माझ्यावर असलेला बरा."

"आणि मला वाटलं, तुम्हांला मी नकोच होते. लांब गेली, तिचा काय संबंध. तुला विचारायचा मला हक्कच राहिला नाही असं वाटलं."

मग आवाज चढले. तिनं म्हटलं, शपथ मोडायची असते. त्यानं म्हटलं, तू महिना महिना आईला फोन करत नव्हतीस तेव्हा कुठं होतीस. ते तिला लागलं. ती रडली. मग तोही रडला. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एवढं वाईट बोलले नव्हते. सून घाबरून म्हाताऱ्याकडे आली. "मामंजी, तुम्ही तरी थांबवा. सणाचा दिवस आहे."

म्हातारा खुंटीखाली बसला होता. त्याचेही डोळे भरले होते. तो म्हणाला, "असू दे. निघतंय तर निघू दे."

रात्री उशिरा आवाज बसले. मग बराच वेळ दोघं आईबद्दल बोलत राहिले. शेवटच्या महिन्यात ती काय खायची, कुणाची नावं घ्यायची, मुलीची आठवण निघाली की कशी खुशीत असायची, हे सगळं भावानं सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मुलीला आईचा शेवटचा महिना कळला.

नातीचा भोपळा पांडवपंचमीपर्यंत उजळत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचं बूड मऊ लागू लागलं. म्हाताऱ्यानं तो उचलून उकिरड्यात टाकला, पुढच्या वेलाच्या खतासाठी.

मुलगा म्हणाला, "म्हणजे हिचाही कुजलाच की आजोबा. मग तो खुंटीचा एवढी वर्षं कसा राहिला?"

म्हाताऱ्यानं मिरजेचा भोपळा काढून त्याच्या हातात दिला. "हा वाळल्यावर कापलेला हाय. त्याच्यात पाणीच राहिलं नव्हतं. आपण कापले ते ताजे, रसाचे. रसाचं फळ आज ना उद्या जाणारच. पण तिच्यानं सात दिवस उजेड दिला, तुझ्यानं तीन. चार दिवसांचा फरक खरवडण्यानं पडला." मग त्यानं माळ्यावरून आणखी एक भोपळा आणला. मुलानं या वेळी चेहऱ्याचं चित्र काढलंच नाही. करवंटी घेऊन बसला, आणि आवाज कोरडा होईपर्यंत उठला नाही.

मुलगी परत गेली. रविवारचे फोन चालू राहिले. आता ते पहिल्यासारखे गोड नव्हते. कधी बहीण रागावे, कधी भाऊ फोन लवकर ठेवी आणि तासाभरानं परत करी. पण आता दोघं पावसापाण्याच्या पलीकडचंही बोलत. म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं, तेव्हा भावानं त्याच दिवशी तिला कळवलं.

चेहरा कोरणं हे कसब आहे आणि ते करावंच. सण, भेटी, गोड शब्द यांनी नाती देखणी होतात. पण नातं किती दिवस टिकणार, हे आत काय राहिलंय त्यावर ठरतं. न विचारलेला एक प्रश्न, न सांगितलेली एक गोष्ट भिंतीला चिकटून राहते, आणि वरून कितीही माया लावली तरी ती आतून काम करत राहते. खरवडताना हात खराब होतात, वेळ जातो, बाहेरच्या टाळ्या दुसऱ्याला मिळतात. तरीही ते काम आधी करावं लागतं. ज्याच्या मनात प्रश्न आहे त्यानं तो विचारावा, आणि ज्याला विचारला त्यानं खरं काय ते सांगावं.